श्रिंक प्लास्टिकची कला मुलांना अवश्य शिकवा, पण वापरून झालेल्या डब्यांवर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातील सुट्टीची शिबिरे आणि पावसाळ्यात शाळाशाळांतून होणाऱ्या हस्तकला स्पर्धा यांच्या विषयांमध्ये आता 'श्रिंक प्लास्टिक' वरचेवर दिसू लागले आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर मुलांनी चित्र काढायचे, ते कापायचे, ओव्हनमध्ये एकदोन मिनिटे तापवायचे आणि आक्रसून जाड व टणक झालेल्या त्या तुकड्याचे किचेन, कानातले किंवा दप्तराला लावायचे पदक करायचे, असे या कलेचे स्वरूप आहे. फोंडा तालुक्यात अनेक वर्षे कार्यानुभव हा विषय शिकवलेली आणि निवृत्तीनंतरही वाड्यावरच्या मुलांना घेऊन बसणारी शिक्षिका या नात्याने मला ही कला फार मोलाची वाटते. ती सध्या ज्या रीतीने शिकवली जात आहे ती रीत मात्र मला पटत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

बहुतेक ठिकाणी बाजारातून तयार संच मागवले जातात. त्यांतील पत्र्यांवर कार्टूनची चित्रे आधीच छापलेली असतात. मुलांनी त्यांत रंग भरले की आयोजक ते पत्रे गोळा करून आतल्या खोलीत नेतात आणि थोड्या वेळाने तयार वस्तू मुलांच्या हातात ठेवतात. मुलाने स्वतः काही रेखाटलेले नसते, काही मोजलेले नसते, आणि या कलेतील सर्वांत पाहण्यासारखा क्षण, म्हणजे तो पत्रा उष्णतेने वळवळत आक्रसतो तो क्षण, त्याच्या नजरेआड घडलेला असतो. एवढे करून आपण नवे प्लास्टिक विकत घेतलेले असते, आणि त्याच जातीचे प्लास्टिक केकच्या व मिठाईच्या डब्यांच्या रूपाने आपल्याच घरातून कचऱ्यात जात असते. माझे म्हणणे एवढेच आहे की ही कला वापरून झालेल्या डब्यांवर शिकवावी, चित्र आणि माप मुलाचे असावे, आणि तापवण्याचे काम मोठ्या माणसाने, परंतु मुलाच्या डोळ्यांसमोर करावे.

हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. कारखान्यात त्याचा पत्रा तयार करताना तो गरम असतानाच लांबीच्या व रुंदीच्या अशा दोन्ही दिशांनी ताणला जातो आणि त्याच अवस्थेत झटकन थंड केला जातो. लोकरीचा गुंता दोन्ही बाजूंनी ओढून सरळ करावा आणि तसाच गोठवून टाकावा, तशी त्यातील लांबलचक रेणूंच्या साखळ्यांची स्थिती होते. सुमारे 100 अंश सेल्सियसच्या वर गेल्यावर या साखळ्या पुन्हा हलू लागतात आणि आपल्या मूळच्या गुंतलेल्या अवस्थेकडे परततात. पत्रा आक्रसतो तो यामुळे. त्यातून काही उडून जात नाही किंवा जळत नाही, त्याचे वजन होते तेवढेच राहते, आणि लांबी व रुंदी कमी झाली की त्या प्रमाणात जाडी वाढते. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे कारण सांगितले तर सहज समजते, आणि एकदा समजले की ते हातातल्या प्रत्येक डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

या कलेचा उगमही ऐकण्यासारखा आहे. 1973 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोन गृहिणींनी बालवीरांच्या हस्तकलेच्या तासासाठी हा प्रयोग हाती घेतला आणि त्यातूनच पुढे 'श्रिंकी डिंक्स' या नावाचे खेळणे बाजारात आले. साध्या घरात जन्मलेले हे खेळणे पुढे प्रयोगशाळेतही पोहोचले. कॅलिफोर्नियात नव्याने उभ्या राहिलेल्या मर्सेड येथील विद्यापीठात रुजू झालेल्या संशोधक मिशेल खाईन यांच्याजवळ सूक्ष्म नलिका असलेल्या चकत्या बनवण्याची महागडी यंत्रसामग्री नव्हती. त्यांनी याच खेळण्याच्या पत्र्यावर लेझर प्रिंटरने रेषा छापल्या आणि पत्रा तापवला. पत्रा आक्रसताना शाईच्या रेषा अरुंद होऊन उंच उठल्या आणि त्यांचाच साचा म्हणून उपयोग करता आला. त्यांचा यासंबंधीचा शोधनिबंध 2008 साली प्रसिद्ध झाला. वर्गात मी ही हकिकत नेहमी सांगत असे, कारण साधनांची उणीव ही अडचण म्हणून सांगितली जाण्याची सवय आपल्याकडच्या शाळांना फार आहे.

आता डब्यांविषयी. प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी किंवा झाकणाच्या कोपऱ्यात बाणांच्या त्रिकोणात एक आकडा कोरलेला असतो. आपल्याला हवा तो 6 हा आकडा. बेकरीत केक, पेस्ट्री, सॅलड ज्यांतून मिळते त्या कडक, पारदर्शक, दाबल्यावर कडकड वाजणाऱ्या डब्यांपैकी काहींवर 6 असतो, तर पुष्कळांवर 1 असतो, आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून आकडा वाचल्याशिवाय एकही डबा घेऊ नये. 1 आकड्याचे प्लास्टिक तापवले तर ते वेडेवाकडे होते, कधी पांढुरके पडते, पण नीट आक्रसत नाही. 5 आकड्याचे पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळू लागते आणि ट्रेला चिकटून बसते. 3 आकड्याचे, म्हणजे पीव्हीसी, कोणत्याही परिस्थितीत तापवू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा घशाला आणि डोळ्यांना घातक वायू सुटू शकतो. ज्यावर आकडाच नाही तो डबा सरळ बाजूला ठेवावा. एवढी एक गोष्ट जरी मुले या निमित्ताने शिकली, तरी पंचायतीच्या कचरा गोळा करणाऱ्या गाडीत काय टाकतो आहोत याचे भान त्यांना आयुष्यभरासाठी येईल.

6 आकडा असलेली प्रत्येक वस्तूही चालत नाही. थर्माकोल हे पॉलिस्टायरीनच, पण ते फुगवलेले असते. तापवल्यावर ते नुसते कोसळते आणि वास सोडते. सीडीची जुनी पारदर्शक डबीही त्याच प्लास्टिकची असते, परंतु ती साच्यात ओतून घडवलेली असल्यामुळे तिच्यात तो ताण भरलेला नसतो आणि ती अशी आक्रसत नाही. डब्याचे सपाट झाकण सर्वांत उत्तम, कारण डब्याच्या बाजू घडवताना जास्त ओढल्या गेलेल्या असतात आणि त्या एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने कमी आक्रसतात. अशा तुकड्यावर काढलेले वर्तुळ लंबगोल होऊन बाहेर येते. विकतच्या पत्र्यांचा गुण एवढाच की ते सगळीकडून सारखे आक्रसतात. मला मात्र लंबगोल झालेले वर्तुळ अधिक शिकवणारे वाटते, कारण ते पाहिल्यावर 'असे का झाले' हा प्रश्न मूल स्वतःहून विचारते आणि पुढच्या वेळी झाकणाचा कोणता भाग घ्यायचा हे स्वतः ठरवते.

रंगकामाच्या काही गोष्टी शिबिरांतून सांगितल्या जात नाहीत, म्हणून येथे नोंदवते. गुळगुळीत प्लास्टिकवर रंगीत पेन्सिल उमटत नाही. त्यासाठी बारीक पॉलिश पेपर पत्र्यावर आडवा आणि उभा हलक्या हाताने फिरवून पृष्ठभाग धुरकट करून घ्यावा लागतो. हे काम ओल्या फडक्यावर करावे आणि निघालेली भुकटी त्याच फडक्याने टिपून घ्यावी, कारण ती प्लास्टिकचीच धूळ आहे आणि ती मुलांच्या नाकातही जाऊ नये व मोरीतून ओहोळातही जाऊ नये. रंग फिकट भरावेत. पत्रा आक्रसला की तेवढाच रंग सुमारे सहाव्या हिश्शाच्या जागेत दाटतो आणि फिकट गुलाबीचा गडद लाल होतो. जी मुले आधीच दाबून रंग भरतात त्यांची चित्रे काळपट निघतात. तेलखडू टाळावेत, ते ओव्हनमध्ये वितळून ओघळतात. कात्रीने कापताना टोके गोल करावीत, नाहीतर आक्रसल्यावर तीच टोके जाड आणि टोचणारी होतात. किचेनच्या कडीसाठी भोक पाडायचे ते तापवण्यापूर्वी, कार्यालयातल्या साध्या पंच मशीनने. त्याचे 6 मिलिमीटरचे भोक आक्रसून अडीच मिलिमीटरच्या आसपास होते आणि कडी त्यात नेमकी बसते. तयार वस्तूला चमक यावी म्हणून पुष्कळ जण वरून नेलपॉलिश लावतात. ते लावू नये, कारण त्यातील द्रावक पॉलिस्टायरीनला विरघळवतो, पृष्ठभाग चिकट होतो आणि रेषा फिसकटतात. पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक वॉर्निश चालते.

मापाचा भाग तर गणिताच्या शिक्षकांनी आनंदाने उचलावा असा आहे. आलेखाच्या कागदावर ठेवून 10 सेंटिमीटरचा चौरस कापला की तो साधारण 4 सेंटिमीटरचा होतो. बाजू चाळीस टक्के उरली, तर क्षेत्रफळ किती उरले, असे विचारले की पहिले उत्तर हमखास 'चाळीस टक्के' असे येते. मग मुले चौकटी मोजतात आणि शंभरातल्या सोळाच उरलेल्या त्यांना दिसतात. जाडीचा प्रश्न त्याहून सुंदर आहे. पाव मिलिमीटरचा पत्रा दीड मिलिमीटरचा कसा झाला, याचे उत्तर घनफळात आहे, आणि ते फळ्यावरच्या सूत्रापेक्षा चिमटीत धरलेल्या तुकड्यातून अधिक चांगले कळते. शेवटी मूल उलट दिशेने विचार करू लागते, की मला 3 सेंटिमीटरचे पदक हवे असेल तर चित्र केवढे काढू. साडेसात सेंटिमीटर हे उत्तर त्याने स्वतः काढले की त्या वस्तूवर त्याचा खरा हक्क प्रस्थापित होतो. छापील चित्राच्या संचात या सगळ्याला जागाच नसते.

तापवण्याविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण पालकांची भीतीही येथेच आहे आणि निष्काळजीपणाही येथेच होतो. घरातला ओटीजी, म्हणजे विजेवर चालणारा छोटा ओव्हन, 160 अंशांवर आधी पुरता तापू द्यावा. ट्रेवर बेकिंग पेपर अंथरून त्यावर तुकडे सुटे सुटे ठेवावेत. अर्ध्याएक मिनिटात तुकड्याच्या कडा उचलल्या जातात, मग तो गुंडाळतो, वाकतो, कधीकधी स्वतःवरच दुमडतो, आणि मुले 'बिघडले, बिघडले' म्हणून ओरडतात. तेव्हा ओव्हन उघडू नये. बहुधा तो आपोआप पुन्हा सपाट होत जातो. सपाट झाल्यावर आणखी काही क्षण थांबून ट्रे बाहेर काढावा आणि तुकडा मऊ आहे तोवर दुसऱ्या बेकिंग पेपरखाली जाड पुस्तकाने अलगद दाबावा. सगळे मिळून एक ते तीन मिनिटांचे काम आहे. मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, कारण पॉलिस्टायरीन त्या लहरी शोषून घेत नाही. केस वाळवायच्या ड्रायरची उष्णता पुरत नाही. तव्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर हे करणे तर सर्वथा चूक आहे, कारण तेथे तापमानावर ताबा नसतो आणि पॉलिस्टायरीन पेटले तर काळी काजळी सोडत जळते.

नीट तापमानावर एकदोन मिनिटांत प्लास्टिकचे विघटन होत नाही, परंतु ते जास्त तापले तर त्यातून स्टायरीनची उग्र वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली स्टायरीनचे वर्गीकरण माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणारे द्रव्य असे केले आहे. हे मी कोणाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वास आला की ओव्हन लगेच बंद करावा, शाळेने या कामाचा ट्रे आणि शक्य असल्यास ओव्हनही खाण्याच्या पदार्थांपासून वेगळा ठेवावा, आणि बंद वातानुकूलित खोलीत हे काम करू नये, एवढीच अपेक्षा आहे. मुलांना ओव्हनपासून हातभर दूर, पण काचेतून आत दिसेल असे बसवावे. धोका आहे म्हणून मुलांना आतल्या खोलीबाहेर ठेवणे हा सोपा उपाय आहे. मोठ्या माणसाने काळजी कशी घेतली हे जवळून पाहिलेले मूल ती काळजी घ्यायला शिकते, असा माझा अनुभव आहे.

चित्रांच्या विषयांसाठी गोव्यातील मुलांनी परदेशी कार्टूनवर अवलंबून राहावे, याचे मला खरोखर दुःख होते. आपल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरील कावी कला या माध्यमाला अगदी अनुरूप आहे. कावीत तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केला जातो, म्हणजे सगळा खेळ एकाच रंगाचा आणि स्वच्छ रेषेचा असतो. तपकिरी-तांबड्या एकाच पेन्सिलीने काढलेली कावीची वेल किंवा फूल आक्रसल्यावर इतके रेखीव दिसते की मुलांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही. दुसरा विषय माटोळीचा, म्हणजे चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या सजावटीचा. घागऱ्या, कांगले, आटकी, तोरिंगण, ओली सुपारी, चिबूड यांपैकी किती फळे आज पणजी-मडगावच्या सदनिकांत वाढणारे मूल नावाने ओळखते? चवथीपूर्वी एखाद्या जाणत्या आजी-आजोबांना शाळेत बोलावून फळे समोर ठेवून मुलांनी ती रेखाटावीत, मागच्या बाजूस नाव लिहावे आणि त्यांचे लहानसे तुकडे करून साखळीत ओवावेत. परंतु ही साखळी माटोळीला बांधू नये, हे मी आग्रहाने सांगते. माटोळी ही रानाची आणि बागायतीची आहे, तीत प्लास्टिकला स्थान नाही. साखळी दप्तराला शोभेल. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा भरवते, तिच्या निमित्ताने शाळांतून हा उपक्रम सहज होऊ शकेल.

काही पर्यावरणप्रेमी मित्र मला विचारतात की देशात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यात पॉलिस्टायरीनचे सजावटीचे थर्माकोल आणि प्लास्टिकचे पेले-थाळ्याही आल्या, मग शाळांनी पॉलिस्टायरीनशी खेळायला का शिकवावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. या कलेने गोव्यातील कचऱ्याची समस्या यत्किंचितही सुटणार नाही. साळगाव आणि काकोडा येथील प्रकल्पांत जे ढीग येतात त्यांत वर्गातल्या मुलांनी वाचवलेली झाकणे गणतीतही येणार नाहीत, आणि 'टाकाऊतून टिकाऊ' असा फलक लावून तसा आभास निर्माण करणे हे मुलांशी अप्रामाणिकपणाचे आहे. उलट नव्या पत्र्यांचे संच आणून तोच फलक लावला तर आपण कचऱ्यात भरच घालतो. या कलेचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. ज्या वस्तूचा त्याग करायचा, तिचे अंतरंग मुलाला कळलेले असावे. हा पदार्थ किती टिकतो, उष्णतेने कसा बदलतो, तो कुजत का नाही, हे हाताने अनुभवलेल्या मुलाला बंदीचे कारण पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. कामातून उरलेल्या कातरणी आणि पंच मशीनमधून पडणाऱ्या गोल टिकल्या एका बरणीत जमवून सुक्या कचऱ्यात द्याव्यात. त्या अंगणात झाडल्या गेल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात गटारातून मांडवी-जुवारीपर्यंत जाणार, हे गोव्याच्या मुलाला नकाशा दाखवूनच सांगावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडलेली आहे. त्या दिवसांत काय करावे असा प्रश्न पुष्कळ मुख्याध्यापकांना पडतो. विज्ञान, गणित, चित्रकला आणि कचरा वर्गीकरण हे चारही विषय ज्यात एकत्र येतात असा हा एका दिवसाचा उपक्रम आहे आणि त्याला लागणारा खर्च बहुतांशी एका ओटीजीचा आहे. पणजीच्या बालभवनाने आणि त्याच्या गावोगावच्या केंद्रांनी, तसेच मिरामार येथील विज्ञान केंद्राने, शिक्षकांसाठी आधी याचे वर्ग घ्यावेत, कारण मुलांना शिकवण्यापूर्वी ओव्हन हाताळणारा माणूस तयार असणे आवश्यक आहे. बेकरीवाल्यांनाही माझी विनंती आहे की डबे मागवताना आकडा स्पष्ट दिसेल असेच मागवावेत आणि शाळेतून मुले चौकशीला आली तर त्यांना तो दाखवावा.

स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांकडे माझे शेवटचे मागणे आहे. सध्या बक्षीस जाते ते सर्वांत सफाईदार वस्तूला, आणि सर्वांत सफाईदार वस्तू पुष्कळदा आईवडिलांच्या हातची किंवा महागड्या संचातली असते. त्याऐवजी प्रवेशपत्रिकेत दोन अटी घालाव्यात. पहिली, वस्तूबरोबर मुलाने मूळ मापात काढलेले चित्र आणि त्याने केलेला मापांचा हिशेब जोडलेला असावा. दुसरी, ज्या डब्यातून तुकडा कापला त्याचा 6 आकडा असलेला भागही सोबत ठेवावा. चवथीच्या सुट्टीपूर्वी शाळांकडे स्पर्धांची परिपत्रके जातात, त्यांतच या अटी आल्या तर मुलांना डबे जमवायला पुरेसा अवधी मिळेल. आपल्या दैनिकाच्या मुलांच्या पानावरही डब्यांवरील आकड्यांचा तक्ता चित्रांसह छापावा, अशी आपणास नम्र विनंती आहे. मुले तो कापून स्वयंपाकघरात लावतील आणि डबा फेकण्यापूर्वी आकडा वाचतील.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका,
फोंडा, गोवा